काका म्हणतात, ‘आधी सा लाव, मग बोल’

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून देतेय:

“ताई, मी २७ वर्षांची, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. कंपनीच्या बसमधे जाऊन-येऊन दोन-अडीच तास जातात, तेवढ्यात मी अल्बम ऐकते, अख्खे, आणि काहीही ऐकते, ख्याल, जॅझ, मेटल, हिपहॉप, जे हाताला लागेल ते. दर रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात काय ऐकलं ते चार ओळीत लिहायचे आणि पाचपैकी स्टार द्यायचे. मागच्या महिन्यात एका मोठ्या गायकांच्या विलंबित ख्यालाला अडीच दिले, ‘काइंड ऑफ ब्लू’ला दोन दिले आणि ‘झोप आली’ असं लिहिलं, आणि एमसी स्टॅनच्या ‘तडीपार’ला चार. झालं. दरवर्षी सवाईला जाणारे माझे काका म्हणाले, ‘आधी सा लावायला शिक, मग बोल’. चुलतभाऊ म्हणाला की सगळंच ऐकणाऱ्याला कशातलंच काही कळत नसतं. तेव्हापासून लिहिणं बंद केलंय. मला मत द्यायचा हक्क आहे का नाही? आणि अजून एक, कॉलेजच्या मित्राने पाच गाण्यांचा ईपी काढलाय, मला नाही आवडला, तो रोज विचारतोय कसा वाटला, काय सांगू? — कोथरूडची कानसेन”

कानसेन, येत्या रविवारी लिही परत. हक्क वगैरे शब्द इथे नकोतच गं, तू पाऊण तास कान देऊन एक अल्बम पूर्ण ऐकलास ना, मग त्याबद्दल बोलायला तुला कोणाची परवानगी लागत नाही.

काकांना उत्तर द्यायचंच झालं तर सवाईचंच दे, पण भांडायला म्हणून नको, प्रेमाने. १९५३ साली भीमसेन जोशींनी त्यांच्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या आठवणीसाठी हा महोत्सव सुरू केला, आणि तो इतकी वर्षं उभा आहे तो गाणाऱ्यांइतकाच समोर बसणाऱ्यांच्या जिवावर. मुकुंदनगरच्या मंडपात डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून भारतीय बैठकीवर बसलेल्यांपैकी किती जणांना सा लावता येत असेल? बँकेतून निवृत्त झालेले आजोबा असतात, शाळेतल्या बाई असतात, लांबच्या गावाहून एसटीने आलेली माणसं असतात, आणि तरी समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, ‘वा’ जिथे यायला पाहिजे तिथेच येते. ही समज बहुतेकांना ऐकून ऐकून आलेली असते, गायला शिकून नाही.

आणि खुद्द भीमसेनांचं बघ की. लहानपणी गदगला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर कानावर पडली, ७८ आरपीएमची तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, आणि गायचं तर असं हे त्या मुलाच्या मनाने घेतलं, १९३३ साली अकराव्या वर्षी घर सोडलं आणि गुरू शोधत निघाला. त्या मुलाचं मत आधी झालं होतं आणि तालीम नंतर मिळाली. हे काकांना माहीत नसेल असं होणारच नाही, फक्त आठवण करून दे.

पण काका एका बाबतीत बरोबर आहेत आणि ते मी तुला सांगणारच. ‘झोप आली, दोन स्टार’ हे मत नाही. त्यात अल्बम कुठे आहे? त्यात फक्त तू आहेस आणि तुझी झोप आहे. ‘भारी’, ‘बोअर’, ‘ओव्हररेटेड’, ‘मास्टरपीस’ या शब्दांचंही तेच, वाचणाऱ्याला त्यातून काहीच ऐकू येत नाही. तुझ्या चार ओळी वाचून एखाद्याने तो अल्बम लावून तीच जागा शोधून बघावी आणि म्हणावं की हो, किंवा नाही बुवा, मला इथे वेगळंच वाटलं. म्हणजे तू काय ऐकलंस ते लिहायचं, कुठे ऐकलंस ते लिहायचं, आणि मग तुला काय झालं ते. एवढं केलंस की काका पण भांडतील ते त्या जागेवरून भांडतील, तुझ्या लायकीवरून नाही.

आता तुझं ते ‘काइंड ऑफ ब्लू’च घेऊ. माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवादकाचा, १९५९ साली न्यूयॉर्कमधे, मार्चमधे एक दिवस आणि एप्रिलमधे एक दिवस अशा दोन बैठकीत रेकॉर्ड झालेला अल्बम, पाचच रचना. पहिलीच लाव. सुरुवातीला पियानो आणि डबल बास हळू आवाजात, ठेका नाहीच, आपल्याकडे आलाप चालू व्हावा तसं काहीतरी. मग बास धून हातात घेतो आणि बाकीचे त्याला दोन स्वरांचं उत्तर देतात, तो विचारतो, हे उत्तर देतात, असं चालू राहतं. आता याच्या खाली काय चाललंय ते ऐक. चार-चार मात्रांचे १६ बार एकच स्वरसप्तक धरून ठेवलंय, मग ८ बार तेच सगळं अर्ध्या स्वराने वर, आणि परत ८ बार खाली मूळ जागी. बत्तीस बारचं आवर्तन, आणि हेच फिरत राहतं. त्या काळच्या जॅझमधे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरांचे गट, धडाधड बदलायचे, वाजवणाऱ्याला त्यांच्या मागे पळावं लागायचं, इथे माइल्स डेव्हिसने ते पळणं थांबवलं आणि सांगितलं की या एवढ्या स्वरांत राहा आणि काय सुचतंय ते वाजवा. आता तूच सांग, रागसंगीत ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटायला पाहिजे का? मला तर वाटतं की पुण्यातल्या माणसाला जॅझमधे शिरायला यापेक्षा सोपी वाट नाही.

तर हीच रचना परत ऐक आणि फक्त एक कर, एकामागून एक कोण वाजवतंय तेवढं बघ. आधी डेव्हिसचा ट्रम्पेट, स्वर कमी आणि मधे मधे मोकळी जागा भरपूर. मग जॉन कोलट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, हा माणूस जागा सोडायलाच तयार नाही. मग कॅननबॉल ॲडर्ली ऑल्टो सॅक्सवर, खेळकर, उड्या मारत जाणारा. या तिघांतला तुला कोण आवडला आणि का, एवढं लिहिलंस तरी झालं की मत. आणि हे सगळं करून सुद्धा तुला वाटलं की ड्रम फार मागे राहिलेत, मला अंगात काही चढलंच नाही, तर बिनधास्त तसंच लिही. नावाजलेला अल्बम नाही आवडला तर नाही आवडला, त्यात लाजायचं काय.

आता मला तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तू सहज लिहून पुढे गेलीस. तू सगळं बसमधे ऐकतेस.

कोथरूडहून चांदणी चौक, मग हायवे, मग वाकड आणि भूमकर चौकातली ती गर्दी, बस सारखी थांबतेय, गिअर बदलतोय. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती नेमकं काय गिळते माहितीये? खालचे आणि हळू आवाज. तानपुऱ्याचा खर्ज गेला, डग्ग्याची घुमक गेली, जॅझमधला डबल बास गेला, स्वर सोडल्यावर मागे राहणारी आस गेली. विलंबित ख्यालाची पहिली दहा मिनिटं म्हणजे दुसरं असतं काय गं? गायक खालच्या सप्तकात हळू आवाजात एकेक स्वर ठेवत असतो, तू आवाज वाढवतेस, मग बऱ्याच वेळाने तो तार षड्जाला जातो आणि तुझे कान फुटायची वेळ येते, तू घाईघाईने आवाज कमी करतेस, परत तो खाली येतो आणि गायब. असं ऐकलं तर अडीच स्टार पण जास्तच म्हणायचे.

याच्या उलट हिपहॉप किंवा आत्ताचा पॉप. तिथे मास्टरिंग, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधीचं शेवटचं ध्वनीचं काम, करतानाच आवाज दाबून सगळं जवळपास एका पातळीवर आणलेलं असतं, हळू आणि मोठा यात फरकच थोडा ठेवतात, रॅपरचा आवाज सगळ्यात पुढे आणि बीट ठोस, म्हणून बाजूला ट्रकने हॉर्न मारला तरी तुझा एक शब्द चुकत नाही. म्हणजे बसमधे ही स्पर्धा बरोबरीची नाहीच आहे. ‘तडीपार’ चांगला नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये हां, त्याच्यावर येतेच. पण तुझ्या स्टारमधला केवढा तरी वाटा बसचा आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून ख्याल, जॅझ, पाश्चात्त्य क्लासिकल, गझल हे घरी ऐक, रात्री दहानंतर सोसायटी शांत झाली की, पंखा बंद करता आला तर कर, आणि बसमधे मेटल, रॅप, पॉप, फिल्मी जे पाहिजे ते. नॉइज कॅन्सलेशनवाले इअरबड्स असतील तर इंजिनाची सलग घरघर बऱ्यापैकी कमी होते, हॉर्न आणि मागच्या सीटवरच्या गप्पा तेवढ्या नाही होत. नसतील तर आवाज चढवून भरपाई करू नकोस, कान एकदा गेले की परत येत नाहीत. आणि ग्रुपवर लिहिताना ‘हे बसमधे ऐकलं’, ‘हे घरी ऐकलं’ असं लिहीत जा, वाचणाऱ्याला लगेच अंदाज येतो.

शफल बंद आहे ना? विचारते कारण बऱ्याच जणांचं चालू राहिलेलं असतं आणि पत्ताच नसतो. २०२१ च्या नोव्हेंबरमधे ॲडेलचा ‘३०’ आला तेव्हा तिच्या मागणीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफल हेच मुख्य बटण असायचं ते बदललं, गाणी मी ज्या क्रमाने लावलीत त्या क्रमाने ऐका हे तिचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे तो, पहाटेच्या अहिर भैरवापासून सुरू होतो आणि दिवस कलत कलत शेवटी पहाडीवर येतो. हा शफलवर ऐकलास तर पहाटेआधीच रात्र होईल, मग म्हणशील सुंदर आहे पण विस्कळीत आहे.

आता ‘तडीपार’. २०२० चा, आपल्याच पुण्यातल्या पोराचा, आणि मला पक्कं वाटतं की तुझ्या ग्रुपवर त्याच्यावरून जे झालं ते त्यातल्या शिव्यांवरून आणि आवाजावरच्या ऑटोट्यूनवरून, म्हणजे सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, झालं असणार. ऑटोट्यून म्हणजे सूर लागत नाही म्हणून केलेली चोरी असं मोठ्यांना वाटतं, पण या गाण्यांत ते लपवलेलं नाहीये, मुद्दाम ऐकू येईल असं ठेवलंय, तो आवाजच तसा हवाय. पुरणपोळीत मिरची नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही ना, मग रॅपच्या अल्बमला आलाप नाहीत म्हणून नावं ठेवायची नाहीत. तिथे हे बघायचं की शब्द बीटच्या आधी पडतायत का मागे, एक ओळ दुसरीत कशी घुसवलीये, आणि वस्तीतली भाषा जशीच्या तशी आलीये का नुसती पोज आहे. ते जमलंय तर तेवढं लिही, तेच तेच किती वेळा सांगतोय असं वाटलं तर ते पण लिही. पुण्याचा आहे म्हणून एक स्टार जास्त देऊ नकोस, आणि काका नाक मुरडतील म्हणून कमीही करू नकोस. ब्लडीवूडच्या ‘रक्षक’चं पण तसंच, दिल्लीचा बँड, २०२२ चा अल्बम, ढोल आणि बासरी मेटलच्या गिटारमधे घातलीये, त्याला ‘फार ओरडतात’ एवढंच म्हणून कसं चालेल, ओरडणं हा तिथल्या गाण्याचा भागच आहे. विचारायचं हे की ढोल खरंच गाण्यात मुरलाय का वरून भुरभुरवलाय. मला विचारशील तर जिथे ढोल आणि गिटार एकच ठेका धरतात तिथे तो अल्बम फार जोरदार आहे, आणि जिथे बासरी नुसती सुरुवातीला येऊन निघून जाते तिथे मला वाटतं की अरे थांबवा की तिला थोडं.

असं लिहायचं म्हणजे कसं, तर मी अशात ऐकलेल्या दोनांबद्दल सांगते. पाकिस्तानी-अमेरिकन गायिका अरूज आफताबचा ‘व्हल्चर प्रिन्स’, २०२१ चा. उर्दू गझल आणि त्याखाली हार्प आणि गिटार, तबला-ढोलक नाहीच म्हटलं तरी चालेल. मेहदी हसन यांच्या आवाजात ऐकलेली ‘मोहब्बत करने वाले’ ही गझल यात आहे, तिच्यासाठीच अरूजला २०२२ मधे ग्रॅमी मिळालं, आणि तिने ती इतकी सावकाश केलीये की शेर संपल्यावर पुढचा येईपर्यंत आपणच त्यात अडकून बसतो. मला हे अतिशय आवडलं. तक्रार एकच, काही ठिकाणी शब्द आवाजाच्या गुंजेत विरघळतात, आणि गझलेत शब्द हरवला की मला त्रास होतो. दुसरा, भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र वाजवणाऱ्या शक्ती या बँडचा ‘धिस मोमेंट’, २०२३ चा, पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी आलेला त्यांचा स्टुडिओ अल्बम. झाकीरभाई आणि कंजिरावादक सेल्वागणेश यांचे बोल एकमेकांवर येतात तिथे मी दर वेळी हातातलं काम थांबवते, आणि झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरमधे गेल्यापासून ते ऐकताना घशात काहीतरी येतं ते वेगळंच. पण आवाज फार चकचकीत केलाय, मला १९७० च्या दशकातल्या त्यांच्या रेकॉर्डिंगमधला खरखरीतपणा, ती घाई जास्त जवळची वाटते. बघ, यात कुठे स्टार आहेत? आणि तरी तुला कळलंच ना मला काय वाटलं ते. म्हणून स्टार काढून टाक. घरच्या ग्रुपवर लोक ओळी वाचत नाहीत, आकडा बघतात आणि त्याच्यावरून भांडतात.

चुलतभावाचं म्हणणं मी फार मनावर घेणार नाही. सगळं ऐकण्यात खोटं काही नाही, एवढंच कर की महिन्यातून एकदा कुठल्या तरी एका अल्बमचा धागा धरून मागे जा. हाच शक्तीचा अल्बम घे, सेल्वागणेश हे विक्कू विनायकराम यांचे चिरंजीव, आणि विक्कूजी सुरुवातीच्या शक्तीत घटम वाजवायचे, तिकडून कर्नाटक तालवाद्यात शिरता येतं, दुसरीकडे शक्तीचा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, त्याचा हात धरून थेट माइल्स डेव्हिसपर्यंत जाता येतं कारण तो त्याच्याबरोबर वाजवायचा. असे दोन-चार धागे झाले की भाऊच तुला विचारायला येईल. आणि सहा महिन्यांनी मत बदललं तर जुनं पुसू नकोस, खाली तारीख टाकून नवं लिही.

लांबलचक अल्बमचा एक प्रश्न राहिला, तू विचारला नाहीस पण रॅप ऐकतेस म्हणजे येणारच. सीधे मौत या दिल्लीच्या रॅप जोडीच्या ‘लंच ब्रेक’मधे तीस ट्रॅक, बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’मधे सत्तावीस. एका बैठकीत होत नसेल तर अर्धा ऐकून थांब आणि ‘पहिले पंधरा ऐकलेत’ असं स्पष्ट लिही. पूर्ण न ऐकता पूर्ण अल्बमवर बोलू नये, बाकी काही नाही.

आता मित्राचा ईपी, आणि हे सगळ्यात नाजूक. डेव्हिसला तुझ्या दोन स्टारने काही होत नाही, याला होतं. त्याला आधी सरळ विचार की तुला ‘मस्त’ ऐकायचंय का खरं ऐकायचंय, आणि तो हसला, विषय बदलला, तर त्याला आत्ता धीर हवाय, मग जे एक गाणं त्यातल्या त्यात बरं वाटलं त्याचं नाव घेऊन त्यातली आवडलेली जागा सांग, खोटं काही न बोलता. खरं पाहिजे म्हणाला तर भेटून किंवा फोनवर सांग, मेसेज नको, लिहिलेलं माणूस रात्री दहा वेळा उघडून वाचतो. आणि पाचही गाण्यांचा पंचनामा करू नकोस, एकच गोष्ट सांग, अशी की तो काही करू शकेल. ‘तुझं लिखाण उथळ आहे’ हे ऐकून तो काय करणार? पण ‘तिसऱ्या गाण्यात कडव्याला तुझा आवाज गिटारच्या मागे जातो, शब्द कळायला मला दोनदा मागे जावं लागलं’ हे त्याला उपयोगी आहे, मिक्स करणाऱ्याला तो दाखवू शकतो. मग तो काय म्हणतो ते ऐकून घे, वाद घातला तरी घालू दे, त्याने त्याच्यावर कितीतरी रात्री घातल्या असतील. आणि पुढचं गाणं करायला घेतलं की त्याला म्हण, अपलोड करायच्या आधी कच्चं मिक्स पाठव, मी ऐकते, तेव्हा सांगितलेलं काही तरी बदलू शकतं.